झेपणारी थप्पी

लग्नाचा बस्ता बांधायला माणसं आली की त्यांच्यात सगळ्यात कमी कोण बोलतंय ते आधी बघायचं, हे चाचांनी मला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जी बाई मोठ्यानं बोलते ती नुसत्या घड्या मोडायला लावते. ठरवते ती कोपऱ्यात गप्प बसलेली. पुढे मी मार्केटिंगचा कोर्स केला तेव्हा एवढीच गोष्ट सांगायला सरांना आठवडा लागला आणि फळ्यावर बरेच बाण काढावे लागले. ते बाण वहीत उतरवून घेताना मला चाचा आठवत होते, आणि आपण काहीतरी मोठं शिकतोय याचा आनंदही होत होता.

मी जामखेड तालुक्यातली, खर्ड्याजवळच्या एका वस्तीवरची. आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. मी मावशीकडे राहून खर्ड्याला शाळा शिकले आणि बारावीनंतर नगरला कॉलेजला आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वसतिगृह मिळालं होतं, पण वरच्या खर्चासाठी काम हवं होतं. ते कापडबाजारातल्या एका साडीच्या दुकानात मिळालं. शनिवार-रविवार, आणि लग्नसराईत रोज दुपारनंतर. साडी अंगावर लावून दाखवायची, पाहुण्यांचं चहापाणी बघायचं, मोडलेल्या घड्या परत घालायच्या.

चाचा त्या दुकानातले सगळ्यात जुने सेल्समन. शेठच्या वडिलांच्या काळापासून ते गादीवर बसत होते. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात स्वच्छ कुरता, आणि बोलणं असं की पाथर्डीच्या माणसाला ते पाथर्डीचे वाटायचे आणि श्रीगोंद्याच्या माणसाला श्रीगोंद्याचे. हळदीच्या साडीला कुठल्या समाजात कुठला रंग चालत नाही, मामाकडून काय येतं, कुणाच्यात आत्याचा मान विहिणीच्या आधी असतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. नवरीकडची माणसं कधीकधी आपसात वाद घालायची आणि शेवटी चाचांकडे वळायची. "चाचा, तुमीच सांगा, आमच्यात कसं हाय?" आणि चाचा त्यांच्यात कसं आहे ते त्यांना सांगायचे.

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा ऐन लग्नसराईत आली. शेठ सुट्टी द्यायला तयार नव्हते. चाचा म्हणाले, "तिची गिऱ्हाइकं मी करतो शेठ. पोरगी पेपर देऊन येऊ द्या." तीन आठवडे त्यांनी दोघांचं काम केलं. मी दुकानात असले तर मला माळ्यावर गठ्ठ्यांच्या मागे बसवायचे आणि खालून ओरडून विचारायचे, "कितवं पान?" मी पास झाले तेव्हा त्यांनी स्वतः निवडून एक मोरपंखी साडी मला दिली. मी ती कधीच निवडली नसती इतकी ती मला शोभली. आई फोटो बघून म्हणाली, "कुनी काढली? तुला कसं काय कळलं ह्यातलं?"

हे आधी सांगितलं कारण पुढचं सांगताना ते सांगायचं धैर्य राहणार नाही.

बस्त्यात चाचांची खरी कारागिरी वेगळीच होती, आणि ती दुकानातल्या आम्हा चारपाच जणांनाच ठाऊक होती. बस्त्याला दोन्हीकडची माणसं एकत्र येतात. जीप भरून, टेम्पो भरून. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख झाला की मानाच्या साड्या निघतात. नवऱ्या मुलाची आई, आत्या, मामी, मावशी यांनी पसंत करायच्या आणि खर्च बहुतेकदा नवरीच्या बापानं करायचा. पसंत करणाऱ्याला 'ही नको, ती घ्या' म्हणणं म्हणजे लग्नाआधीच नाक कापून घेणं. तर सगळे बसायच्या आधी चाचा नवरीच्या बापाला म्हणायचे, "चला दादा, जरा पान खाऊन येऊ." दारापाशी, खांबाच्या आड दोन मिनिटं बोलणं व्हायचं. किती झेपेल ते तो माणूस तिथे सांगायचा. काही जण सांगायचेही नाहीत, नुसते चपलेकडे बघायचे. चाचांना तेवढ्यानं कळायचं. मग आत येऊन ते साड्यांची थप्पी टाकायचे आणि ती अशी लावलेली असायची की पाहुण्यांनी कुठलीही उचलली तरी बापाला घाम फुटू नये. मध्येच एखादी भारी साडी काढायचे आणि स्वतःच नाक मुरडून बाजूला करायचे. "ही नको वहिनी, पहिल्या धुण्यात मान टाकंल." पाहुण्या बायकांना वाटायचं, आपण सगळं दुकान उचकून काढलं. नवरीचा बाप मात्र ताठ बसलेला असायचा. चाचांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. साडी चांगलीच द्यायचे. फक्त एका माणसाची इभ्रत दुसऱ्याच्या पुढ्यात उघडी पडू द्यायचे नाहीत.

पदवी झाल्यावर मी पुण्याला मार्केटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि परत आले. शेठनी मला पूर्णवेळ ठेवून घेतलं. दुकानाचा नवा मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, आता दुकान ह्याच्यात चालवायचं." तोपर्यंत दुकानाची जाहिरात म्हणजे एसटी स्टँडजवळची रंगवलेली भिंत, दिवाळीची कॅलेंडरं आणि लग्नसराईत गावोगाव फिरणारी भोंगा लावलेली रिक्षा. शेठना त्या भिंतीचा राग यायला लागला होता. "इतकी वर्षं रंगवतोय. कोण वाचतं, किती वाचतात, काय पत्ता? हे बघ, इथं आकडा दिसतो." त्यांना आकडा दिसायला लागला आणि त्या दिवसापासून त्यांना दुकानात बसलेली माणसं जरा कमी दिसायला लागली. मलाही.

पहिल्या रील्स कुणी बघितल्या नाहीत. मी पुतळ्यांना साड्या नेसवून, गाणं लावून, कोर्समध्ये शिकवलं तसं सगळं केलं. आकडा हलेना. मग एकदा सहज चाचा पदर उलगडताना चित्रित केले. ते साडीचं एक टोक धरून अशी झटका देऊन फेकायचे की पदर हवेत पूर्ण उघडायचा आणि बरोबर गिऱ्हाइकाच्या मांडीवर उतरायचा. ती रील बरी चालली. मग मी रोज चाचांच्या मागे. ते हसायचे. "आता ह्या वयात मला नवरदेव करती का?" पण कॅमेरा आला की टोपी नीट करायचे.

त्या दिवशी मी त्यांच्या कुरत्याला छोटा माईक लावला होता. मण्याएवढा, नव्यानंच मागवलेला. पाहुणे राहात्याकडचे होते, बागायतदार. नवरीकडची माणसं आमच्यासारखीच, कोरडवाहू पट्ट्यातली. मी पाहुण्यांच्या बायका चित्रित करत होते. चाचा नेहमीप्रमाणे नवरीच्या बापाला घेऊन दारापाशी गेले. कुरत्यावरचा माईक काढायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं का? नाही आलं. एवढं तरी मी खरं सांगू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावर बसून मी ते चित्रीकरण लावलं तेव्हा कानात त्या दोघांचं बोलणं आलं.

"चाचा, पाहुणं मोठं हायेत. माझं काय न्हाई एवढं."

"दादा, घाबरू नका. मी पुढ्यात तीच थप्पी टाकतो, जी तुमाला झेपंल. त्यांना वाटंल दुकान उचकलं. तुमी फकस्त मान हलवत बसा."

"लई उपकार हुतील."

"उपकार कशाचं. माझ्याबी दोन पोरी दिल्यात मी."

मी ते चार वेळा ऐकलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, ते खोटं नव्हतं. मला माझा बाप दिसला. आणि त्याच क्षणी, त्याच पाण्यातून, मला हेही दिसलं की ही रील चालणार. दोन्ही एकदमच दिसलं, मागेपुढे नाही.

मी नवरीच्या बापाचा चेहरा धूसर केला. गावाचं नाव आलेलं तेवढं कापलं. पाहुण्या बायकांचे चेहरेही धूसर केले. खाली लिहिलं, 'अशी माणसं आहेत म्हणून लग्नं होतात'. मला वाटलं मी चाचांचा सत्कारच करतेय.

टाकायच्या आधी त्यांना दाखवलं. गादीवर गिऱ्हाईक होतं, गडबड होती. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. चाचांना अलीकडे जरा कमी ऐकू यायचं. त्यांनी स्वतःला पदर फेकताना बघितलं, हसले. "बरं आलंय की. टाक. मला काय कळतंय ह्यातलं." मी टाकलं.

संध्याकाळपर्यंत आकडा शेठच्या आयुष्यात कधी आला नव्हता तेवढा झाला. शेठनी सगळ्या दुकानाला मिसळ मागवली. "भिंतीनं बापजन्मात केलं नाही ते हिनं एका दिवसात केलं," असं ते येईल त्याला सांगत होते. लोकांनी खाली रडणाऱ्या बाहुल्या टाकल्या, हात जोडले, 'माझ्या वडिलांची आठवण आली' असं लिहिलं. नंतर दुसरी माणसं आली. 'म्हणजे दुकानदार असा गंडवतो होय', 'आमच्या सासूला पण हीच थप्पी दाखवली असणार', 'नवरीच्या बापाला झेपत नाही तर लग्न कशाला करतो'. काहींनी साडीचं सोडून चाचांच्या टोपीवर लिहिलं. ते इथे लिहीत नाही. मी ते सगळं वाचत होते आणि प्रत्येकाला उत्तरही देत होते, कारण उत्तर दिलं की रील आणखी पुढे जाते, असं आम्हाला शिकवलं होतं.

वडिलांचा फोन आला, सांगली जिल्ह्यातल्या एका फडावरून.

"अगं, तुमच्या दुकानातल्या म्हाताऱ्याचं काय ते आलंय मोबाईलवर. आख्ख्या टोळीनं बघितलं."

"कसं वाटलं अण्णा?"

"लई हसली पोरं. आता मुकादमाची पोरगी लग्नाची हाय, तर त्येला म्हनत्यात, तुमाला कुठली थप्पी झेपंल?" मग म्हणाले, "पर त्यो मानूस ज्याच्यासंगं बोलतोय, त्येला ठावं हाय का हे?"

मी म्हणाले, "चेहरा दिसत नाही ना अण्णा."

"व्हय. चेहरा न्हाई दिसत," वडील म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.

आता माझी चूक सांगते. चार वर्षं साडीच्या दुकानात काढलेल्या मुलीनं ती करायला नको होती. मी चेहरे झाकले आणि साड्या उघड्या ठेवल्या. गादीवर पसरलेली ती डाळिंबी, तो चिंतामणी रंग, ती राखी काठाची, सगळ्या स्वच्छ, चकचकीत, कारण साड्या विकायच्याच होत्या. आणि त्या साड्या पाहुण्यांबरोबर जाऊन राहात्यात एका घरी कपाटात होत्या. आमच्याकडे बायकांना लग्नात भेटलेल्या माणसाचा चेहरा आठवत नाही, पण मानाची साडी कुणी, कधी, कुठल्या काठाची दिली ते मरेपर्यंत आठवतं. मी हे रोज बघत होते. 'ही तुमच्या धाकटीच्या लग्नातली ना?' हे वाक्य मी गादीवर शंभरदा ऐकलं होतं. चेहरा धूसर करायचं मला कोर्सनं शिकवलं होतं, तेवढंच मी केलं.

आठदहा दिवसांनी नवरीचा बाप दुकानात आला. एकटाच. दुपारची वेळ, गादीवर कुणी नव्हतं. त्यानं पिशवीतून डाळिंबी साडी काढली आणि चाचांच्या पुढ्यात ठेवली. घडी मोडलेली नव्हती.

"आत्याबाईनी परत पाठवली. म्हनल्या, झेपणाऱ्या थप्पीतली साडी आमच्या कामवालीला बी लागत न्हाई."

चाचांनी साडी ओळखली.

"लगीन मोडलं न्हाई. मोडलं असतं तर बरं हुतं. आता माझ्या पोरीला जाऊन तिथं नांदायचंय. चाचा, मी तुमच्याजवळ बोल्लो हुतो. दुनियेजवळ न्हाई."

खांबाआडचं ते बोलणं रीलमध्ये आहे हे चाचांना तोपर्यंत माहीतच नव्हतं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी काउंटरपाशी मोबाईल हातात घेऊन उभी होते. एक शब्द पुरे होता, 'हिनं केलं'. ते खरंच होतं.

"चूक झाली दादा," चाचा म्हणाले. "माझी चूक झाली."

तो माणूस साडी तिथेच ठेवून निघून गेला. मला बोलता आलं असतं. दारापर्यंत धावत जाऊन सांगता आलं असतं. मी मोबाईल पर्समध्ये ठेवला, एवढीच हालचाल केली.

नंतर चाचा म्हणाले, "ते काढून टाकता येतं का, बेटा?"

मी शेठना विचारलं. शेठ म्हणाले, "वेडी झालीस का? काढलं तर लोक म्हणतील चोरी पकडली. आणि आता ते किती ठिकाणी गेलंय, तू एक काढून काय उपयोग?" दुसरं वाक्य खरं होतं. लोकांनी ते उचलून, त्याला हसण्याचे आवाज जोडून, आपापल्या पानांवर टाकलं होतं. पण पासवर्ड माझ्याकडे होता. बोटाचं काम होतं. मी ते केलं नाही. मी शिकलेली, घरातली पहिली नोकरदार, महिन्याला घरी पैसे पाठवणारी मुलगी होते, आणि शेठनी नुकताच माझा पगार वाढवला होता.

दुकानात गर्दी वाढली, हे खरं आहे. तशी आधी कधी नव्हती. पण माणसं आत येतायेताच हसायची. "चाचा कुठायत? चाचा, झेपणारी थप्पी दाखवा!" मुलाकडचे पाहुणे गादीवर बसायच्या आधी सांगायचे, "आमाला ह्या म्हाताऱ्याकडं नको. दुसरा मानूस द्या." नवरीचे बापही लांब राहायचे. चाचांबरोबर पान खायला जाणं म्हणजे आता भर बाजारात 'माझ्याकडे नाही' असा बोर्ड गळ्यात घालणं होतं. चाचा गादीवर बसायचे आणि त्यांच्यासमोरची पांढरी चादर दिवसभर चुरगळायची नाही. एकदा एका मुलानं त्यांच्या शेजारी बसून स्वतःचा फोटो काढला. चाचांनी सवयीनं टोपी नीट केली.

महिन्याभरात शेठनी त्यांना मागच्या गोदामात घड्या घालायला बसवलं. "लोक शांत होईपर्यंत," म्हणाले. मग प्रत्येक साडीवर किमतीचं स्टिकर आलं, मोठ्या अक्षरात, वरच्या बाजूला. पाहुण्या बायका साडीआधी स्टिकर उलटून बघायला लागल्या. आणि शेठ म्हणाले, "मॅडम, ह्याच्यावरच एक मोहीम करू. आमच्याकडं लपवाछपवी नाही, असं काहीतरी." मी दोन दिवस बसून ओळ लिहिली, 'इथे एकच थप्पी, सगळ्यांसाठी'. शेठना फार आवडली. ती आता दुकानाच्या पाटीवर आहे, पिशवीवर आहे, एसटी स्टँडच्या त्या भिंतीवरही आहे. मी लिहिलेलं पहिल्यांदाच कुठे छापून आलं.

चाचा एक दिवस आले नाहीत. मग आलेच नाहीत.

पुढची लग्नसराई तोंडावर आली तेव्हा शेठनी मला बोलावलं. "लोक अजून विचारतात चाचा कुठे गेले. कमेंट बघतेस ना? त्यांना आण. गादीवर नाही बसवायचं. दारात उभे राहतील, स्वागत करतील, रोज एक रील. पगार तोच. तू गेलीस तर येतील, तुझं ऐकतात."

झेंडीगेटच्या आतल्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच गेले. चाचींनी चहा दिला, बिस्किटं दिली, 'तूच का ती शिकलेली' म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवला. चाचा खाटेवर बसले होते. बारीक झाले होते. म्हणाले, दोन दुकानांत विचारून आलो. ते म्हणाले, चाचा, तुम्ही फेमस माणूस, तुम्हाला गादीवर कसं बसवायचं?

मी शेठचा निरोप सांगायला गेले होते, पण तोंडातून वेगळंच निघालं.

"चाचा, त्या दिवशी मी तुम्हाला दाखवलं ना, तेव्हा आवाज मी मुद्दाम बारीक केला होता."

हे मी तोपर्यंत स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक होतं, गडबड होती, सगळं खरं. पण बोट बटणावर गेलं होतं. ते नको म्हणाले असते, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

"मला माहीत हाय," चाचा म्हणाले. "कान कमी झालेत, बेटा. डोळे चांगलेत. तुझं बोट दिसलं मला."

"मग तुम्ही विचारलं का नाही? काय बोलणं आहे त्यात, ऐकव, असं का नाही म्हणालात?"

राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"वाटलं, शिकलेली पोरगी हाय. तिला आपल्यापेक्षा जास्त कळत असंल."

चाची आतून म्हणाल्या, "काय म्हणतंय दुकान? बोलावलंय का?" मी मान हलवली. निरोप सांगितला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उभं राहून काय करायचं म्हणे?"

"स्वागत करायचं. आणि ते वाक्य म्हणायचं. लोकांना आवडतं ते."

"कुठलं?"

मला ते त्यांच्यासमोर उच्चारावं लागलं.

सोमवारपासून ते यायला लागले. शेठनी त्यांना भरजरी फेटा आणि जाकीट दिलंय. टोपी खिशात असते. दारात उभे राहून ते येणाऱ्याला हात जोडतात आणि म्हणतात, "या दादा, या वहिनी, इथं एकच थप्पी, झेपणारी!" लोक हसतात, मोबाईल काढतात. पोरं त्यांच्या गळ्यात हात टाकून उभी राहतात. आकडे फार चांगले आहेत. कोर्समधल्या सरांनी आमच्या दुकानाचं उदाहरण नव्या मुलांना दाखवलं, असं कळलं. मला फोन करून अभिनंदनही केलं, आणि मी मनापासून आभार मानले. त्यांच्यामुळेच तर शिकले.

परवा सकाळी आम्ही दारात चित्रीकरण करत होतो. चाचांचं वाक्य दोनदा झालं होतं, दोन्ही वेळा मागून ट्रॅक्टर गेला. तेवढ्यात एक माणूस आला. पन्नाशीचा, पायांत नव्या करकरीत चपला, हातात कापडी पिशवी. पाहुण्यांच्या आधी पोहोचला होता हे लगेच कळत होतं. तो चाचांच्या जवळ येऊन उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "चाचा, जरा बोलायचं हुतं. माझ्या थोरल्या भावाच्या पोरीचा बस्ता तुमीच केलेला."

चाचा एकदम त्याच्याकडे वळले. पाठ सरळ झाली. हात त्या माणसाच्या खांद्यावर ठेवायला वर गेला, जुन्या सवयीनं, दारापासून दोन पावलं बाजूला न्यायला.

त्या माणसाला तेव्हा मी दिसले. माझ्या हातातला मोबाईल दिसला. त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "न्हाई, काय न्हाई," तो म्हणाला, "सहज आल्तो." आणि आत जाऊन स्टिकर लावलेल्या साड्यांच्या रॅकपाशी, कुणाशी न बोलता उभा राहिला. हात न लावता किमती वाचताना त्याचे ओठ हलत होते.

चाचांनी हात खाली घेतला. फेटा सारखा केला. मग माझ्याकडे वळून, शाळेतल्या मुलासारखं, विचारलं,

"आता काय म्हणायचं, बेटा?"

मी सांगितलं.